हेल्गोलँड बेटावरील वसंत स्थलांतर व रिंगिंग

उत्तर समुद्रातील जर्मनीच्या हेल्गोलँड बेटावर मार्च ते मे या काळात विणीसाठी उत्तरेकडे निघालेले पक्षी उतरतात. त्यांना पकडून पायात क्रमांक कोरलेले कडे घालण्याचे काम, म्हणजेच रिंगिंग, तेथील पक्षी-वेधशाळा करते. मुख्य बेट जेमतेम १ चौ. किमी. आहे आणि भोवती सगळीकडे पाणी.

बहुतेक छोटे पक्षी रात्री उडतात. आकाश निरभ्र आणि वारा पाठीशी असला, की ते बेटाकडे ढुंकूनही न पाहता पुढे जातात. म्हणजे रिंगिंग करणाऱ्याला हवी असते ती नेमकी पक्ष्यांना नको असलेली हवा : पाऊस, धुके, समोरचा वारा. अशा पहाटे आदल्या दिवशी रिकाम्या असलेल्या झुडपांत रॉबिन, कस्तूर आणि थिरथिरे दाटीने दिसतात. वटवट्यांचा भर एप्रिलअखेरीस व मे महिन्यात असतो. अनेक जातींत नर आधी येतात, माद्या मागाहून.

पूर्वी बेटावर झाडी कमी, म्हणून थकलेले कस्तूर मिळेल त्या झुडपात शिरत. बेटकरी मुद्दाम झुडपे उभारून त्यांना जाळ्यात पकडत, ते खाण्यासाठी. १८३७ मध्ये येथे आलेले चित्रकार हाइनरिख गेटके यांनी अनेक दशके पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या. १९१० मध्ये हुगो वायगोल्ड यांच्याकडे वेधशाळेची सूत्रे आली आणि खाण्यासाठीच्या त्या सापळ्यातूनच नरसाळ्याच्या आकाराचा मोठा ‘हेल्गोलँड सापळा’ घडला. वेल्सजवळच्या स्कोखोम बेटावर १९३३ मध्ये तसाच सापळा उभा राहिला.

सापळ्याचे तोंड रुंद, आत झुडपे, वर-बाजूंना तारेची जाळी. माणसे मागून सावकाश चालत येतात. पक्षी निमुळत्या टोकाकडे सरकतो आणि शेवटी काचेतून येणाऱ्या उजेडाच्या ओढीने पेटीत शिरतो. मग मान तर्जनी आणि मधल्या बोटात अलगद धरून पायात ॲल्युमिनियमचे कडे बसवतात. पंखाची लांबी, वजन, वय टिपतात. गळ्याखालच्या खळगीवरची पिसे फुंकरीने बाजूला केली, की पातळ कातडीखाली पिवळसर चरबी दिसते. खळगी रिकामी असेल, तर पक्ष्याला आधी पोट भरावे लागणार, मगच पुढचा समुद्र. हाताळणी काही मिनिटांतच उरकावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे काम खंडित झाले. १८ एप्रिल १९४७ रोजी, ऐन स्थलांतराच्या हंगामात, ब्रिटिश नौदलाने बेटावर हजारो टन स्फोटके उडवली. १९५२ मध्ये बेट जर्मनीकडे परत आल्यावर वेधशाळा पुन्हा उभी राहिली.

कडे घातलेल्या छोट्या पक्ष्यांपैकी शंभरात एकही बहुधा पुन्हा दूर कुठे सापडत नाही. त्यामुळे एखाद्या कड्याच्या लांबलचक प्रवासाची बातमी गाजली, तरी खरे मोल रोजच्या, एकाच पद्धतीने केलेल्या पकडीच्या आकड्यांना आहे. १९६० पासूनच्या या नोंदींवरून अनेक जाती वसंतात पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागल्याचे दिसले. त्याचा संबंध उत्तर अटलांटिकवरील वायुदाबाच्या चढउताराशी आणि त्यामुळे सौम्य होणाऱ्या युरोपातील हिवाळ्याशी जोडला जातो. मात्र सापळ्यांभोवतीची झाडी वाढली वा छाटली गेली, की पकडही बदलते. म्हणून पक्ष्यांची संख्या घटली की वाढली, हे ठरवताना या आकड्यांवर तितका भरवसा ठेवता येत नाही.