अल्डिहाइड आणि कीटोन: आयआर आलेखात नेमके कुठे पाहावे

एमएस्सीच्या जर्नलांत आणि स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये अवरक्त (आयआर) वर्णपटावरून संयुग ओळखताना एक युक्तिवाद जसाच्या तसा पुन्हा पुन्हा उतरवला जातो: कार्बोनिलचा, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा, पट्टा १७२५ प्रति सेंटीमीटरला आला म्हणून अल्डिहाइड, १७१५ ला आला असता तर कीटोन. तक्त्यातले दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते साध्या, संपृक्त, उघड्या साखळीच्या संयुगांचे आहेत. ही अट तक्त्याच्या वर लिहिलेली असते आणि उत्तर लिहिताना तीच गळून पडते.

कार्बोनिलच्या पट्ट्याची ओळख करून देण्याची गरज नाही. १६५० ते १८०० प्रति सेंटीमीटर या दरम्यानचा, बहुधा आलेखातला सर्वांत ठळक असा हा पट्टा दिसला की कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध आहे, एवढे नक्की म्हणता येते. अडचण त्यापुढच्या पायरीवर येते, कारण अल्डिहाइड आणि कीटोन यांच्यातला दहा-पंधरा एककांचा फरक इतर परिणामांपुढे फार लहान आहे. शेजारी दुहेरी बंध किंवा बेंझीनचे वलय आले की संयुग्मनामुळे, म्हणजे दुहेरी बंध एकाआड एक आल्यामुळे, पट्टा २५ ते ४० एककांनी खाली उतरतो. लहान वलयात कार्बोनिल असेल तर तो वर चढतो: सायक्लोहेक्झॅनोनचा पट्टा १७१५ च्या आसपास येतो, तर सायक्लोपेंटॅनोनचा १७४५ च्या आसपास, म्हणजे कोणत्याही साध्या अल्डिहाइडच्या वर. सॅलिसिलाल्डिहाइडमध्ये रेणूच्या आतच हायड्रोजन बंध होतो आणि पट्टा १६६५ च्या आसपास घसरतो.

यासाठी मला सर्वांत समर्पक वाटणारी जोडी स्वयंपाकघराच्या जवळची आहे. दालचिनीच्या तेलातला मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड, आणि बाळंतशोपांच्या तेलातला एक प्रमुख घटक कार्व्होन. पहिला अल्डिहाइड, दुसरा कीटोन, दोन्ही संयुग्मित. आणि दोघांचाही कार्बोनिल पट्टा १६७५ च्या आसपासच येतो. आकड्यावर निर्णय सोपवणारा विद्यार्थी या दोघांनाही कीटोन ठरवील, आणि त्याचे एक उत्तर बरोबर येईल ते केवळ योगायोगाने.

खरा फरक रेणूच्या रचनेत जिथे आहे तिथेच तो आलेखातही शोधला पाहिजे. अल्डिहाइडमध्ये कार्बोनिल कार्बनला थेट जोडलेला एक हायड्रोजन असतो. कीटोनमध्ये त्या कार्बनच्या दोन्ही बाजूंना कार्बनच असतात. म्हणून साक्ष द्यायची आहे ती या एका कार्बन-हायड्रोजन बंधाने, आणि तो ती २८२० व २७२० च्या आसपासच्या दोन कमकुवत पट्ट्यांच्या रूपाने देतो. बंध एकच असताना पट्टे दोन का, हा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत आणि बऱ्याच नोट्स त्याचे उत्तर देत नाहीत. म्हणूनच ही जोडी पाठ होते आणि विसरली जाते.

या बंधाचे ताणकंपन, म्हणजे बंध लांब-आखूड होण्याचे कंपन, २८०० च्या जवळपास अपेक्षित असते. त्याच बंधाचे वाकण्याचे कंपन १३९० च्या आसपास असते आणि त्याचा पहिला ओव्हरटोन, म्हणजे साधारण दुप्पट, २७८० च्या आसपास पडतो. ओव्हरटोन एरवी इतका क्षीण असतो की तो दिसतही नाही. परंतु समान सममितीच्या दोन कंपनपातळ्या ऊर्जेने एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की त्या मिसळतात: एक वर ढकलली जाते, दुसरी खाली, आणि ताणकंपनाची तीव्रता दोघींत वाटली जाते. हाच फर्मी रेझोनन्स. एन्रिको फर्मी यांनी १९३१ साली कार्बन डायऑक्साइडच्या रामन वर्णपटातील १२८५ आणि १३८८ जवळच्या जोडीचे स्पष्टीकरण याच मार्गाने दिले होते. हे कारण समजले की अपवादही आपोआप उलगडतो: एखाद्या अल्डिहाइडमध्ये वाकण्याचे कंपन १३९० पासून दूर सरकले असेल तर मिसळण होत नाही आणि जोडीऐवजी एकच पट्टा दिसतो.

या दोन पट्ट्यांचे वजन सारखे धरू नये. माझा भर नेहमी २७२० च्या बाजूच्या पट्ट्यावर असतो. साध्या अल्किल गटांचे कार्बन-हायड्रोजन पट्टे २८५० पर्यंत उतरतात, त्यामुळे २८२० चा पट्टा त्यांच्या खांद्यात सहज लपतो. शिवाय अॅरोमॅटिक (बेंझीनच्या वलयाला जोडलेल्या) मेथॉक्सी गटाचा पट्टाही २८३० च्या आसपास येतो. ४-मेथॉक्सीअॅसिटोफीनोन या कीटोनच्या आलेखात केवळ तेवढ्यावरून अल्डिहाइड घोषित करणे हा ठरलेला सापळा आहे. २७२० ते २७५० हा भाग मात्र बहुतेक संयुगांत मोकळा असतो. सिनॅमाल्डिहाइडमध्ये २७४० जवळ पट्टा उभा राहतो, कार्व्होनमध्ये तसा पट्टा नसतो, आणि तिथेच प्रश्न निकाली निघतो. अमाइनचे हायड्रोक्लोराइड क्षारही या भागात शोषण करतात, म्हणून कार्बोनिल पट्ट्याची सोबत असल्याशिवाय या पट्ट्याचा अर्थ लावू नये.

‘मला तो पट्टा दिसला नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा नमुना फार पातळ असल्याची असते. कार्बोनिल सुबक दिसावा म्हणून थर पातळ केला की २७२० चा क्षीण पट्टा आधाररेषेत विरून जातो. एटीआर पद्धतीत, म्हणजे स्फटिकावर टेकवलेल्या नमुन्यात प्रकाश थोडासाच शिरतो त्या पद्धतीत, ही अडचण वाढते, कारण प्रकाशाची नमुन्यातली खोली तरंगलांबीच्या प्रमाणात असते आणि २७०० कडचे पट्टे १७०० कडच्या तुलनेत आणखी लहान दिसतात. अशा वेळी द्रवाचा जाडसर थर घेऊन, कार्बोनिल तळाला टेकला तरी चालेल असे ठरवून, दुसरा आलेख काढावा. एका आलेखावर सर्व काही वाचण्याचा हट्ट मला अजिबात पटत नाही.

बाटली जुनी असेल तर आणखी सावध राहावे. बेंझाल्डिहाइड हवेतल्या ऑक्सिजनने बेंझॉइक आम्लात बदलत राहते, आणि आम्लाचा ३३०० पासून २५०० पर्यंत पसरलेला रुंद पट्टा नेमका आपल्या जागेवर बसतो. तिथे अल्डिहाइडचा पट्टा बुडाला म्हणून कीटोन लिहिण्यापेक्षा नमुना ऊर्ध्वपातन करून पुन्हा पाहणे योग्य.

कीटोनचा ११०० ते १३०० मधला पट्टा पुष्टीपुरता ठीक आहे. त्या भागात इतकी गर्दी असते की त्यावर निर्णय नको. रासायनिक चाचण्यांत २,४-डीएनपी (२,४-डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिन) दोघांनाही अवक्षेप देते, म्हणून तीही इथे उपयोगाची नाही. टॉलेन्स अभिकर्मक अल्डिहाइडला रजत-दर्पण देतो, आणि फेहलिंग अॅरोमॅटिक अल्डिहाइडांना दाद देत नाही, हे ध्यानात ठेवून चाचणी निवडावी. प्रोटॉन एनएमआरची (रेणूतल्या हायड्रोजनांचे संकेत दाखवणाऱ्या चुंबकीय वर्णपटाची) सोय असेल तर ९ ते १० पीपीएम दरम्यानचा संकेत पाहावा. कीटोनमध्ये तिथे संकेत देणारा हायड्रोजनच नसतो.