घरट्यात एक अंडं जास्त: कोकिळेचा डाव की दोघींचा संसार?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या आंब्यावर कावळ्याचं घरटं असतं. मे उजाडला की काळा कोकीळ तिथे गळा काढतो, कावळे त्याच्यामागे लागतात आणि तेवढ्यात ठिपक्यांची मादी आपलं काम उरकून जाते. त्यामुळे परवा मी शेजारच्या काकूंना म्हटलं, की हवाईतल्या लेसन अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची मादी हंगामात एकच अंडं घालते, तरी काही घरट्यांत दोन सापडतात, तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे कोकिळेचाच प्रकार की!"

पुण्यात राहून दुसरं सुचणार तरी काय? पण हे प्रकरण वेगळं आहे.

आधी डाव टाकणाऱ्यांचं बघू. परक्या घरट्यात अंडं टाकायला कोकीळच असावं लागतं असं नाही, स्वतःच्याच जातीतल्या शेजारणीला गंडवणारे पक्षीही आहेत. थंडीत भिगवणला उजनीच्या पाण्यावर दिसणारे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंस, वसाहतीने घरटी करतात, आणि त्यांच्यातल्या काही माद्या दुसरीच्या घरट्यात अंडं सोडतात. उत्तरेकडच्या समुद्रकाठांवर राहणारी आयडर बदकंही हेच करतात. यजमानीण हे फारसं मनावर घेत नाही, आणि त्याला कारण आहे. हंस-बदकांची पिल्लं अंड्यातून निघाली की स्वतः चरायला लागतात. आई फक्त ऊब देते आणि राखण करते, म्हणून एखादं पिल्लू वाढलं तरी खर्च थोडाच वाढतो.

अल्बाट्रॉसला हा हिशोब परवडत नाही. अंडं सुमारे 65 दिवस उबवायचं, मग पिल्लाला पाच-साडेपाच महिने भरवायचं. एक पक्षी दूर समुद्रावर खाणं शोधत असतो तेव्हा दुसऱ्याला घरट्यावर बसावंच लागतं. एकटीच्या आवाक्यातलं हे काम नाही. मग नर कमी पडले तर? हवाईतल्या ओआहू बेटावरच्या काएना पॉइंटला नेमकं तसंच झालं होतं. तिथल्या पक्ष्यांत माद्या 59 टक्के होत्या. संशोधक लिंडसे यंग आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये जाहीर केलं, की 125 जोड्यांपैकी 39 जोड्या दोन माद्यांच्या आहेत. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे डीएनए तपासल्याशिवाय हे कळणं कठीण होतं. या माद्या दुसऱ्या कुणाच्या तरी जोडीदार नराशी समागम करतात आणि संसार मात्र एकमेकींशी करतात, काही तर वर्षानुवर्षं. अंडी दोघींची, उबवणंही दोघींचं. त्यांना यश नर-मादीच्या जोडीपेक्षा कमी मिळतं, पण काहीच न करण्यापेक्षा ते बरंच.

कुरव, म्हणजे गल या समुद्रपक्ष्यांतही असं घडतं. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता बार्बरा बेटावर वेस्टर्न गलच्या काही घरट्यांत नेहमीच्या तीनऐवजी पाच-सहा अंडी दिसत होती. जॉर्ज आणि मॉली हंट या दांपत्याने 1977 मध्ये दाखवलं, की तिथेही दोन माद्यांचीच जोडी आहे. त्यांतली बरीच अंडी मात्र फळलेली नव्हती.

मग ओळखायचं कसं? नुसती अंडी मोजून फसगत होते. एका दिवसात घरट्यात दोन नवी अंडी आली तर माद्या दोन आहेत एवढंच ठरतं, कारण एका मादीला तेवढ्यात दुसरं अंडं तयार करता येत नाही. पुढचं उत्तर घरट्यावर कोण बसतं यात आहे. डाव टाकणारी अंडं टाकते आणि निघून जाते. भागीदारीण पाळी आली की परत येऊन बसते. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात उबवायला बसलेली तुम्ही कधी पाहिलीय?

काकूंना हे पटलं, पण एक शंका उरलीच. "दोन अंडी म्हणजे दोन पिल्लं सांभाळतात का?" नाही. अल्बाट्रॉसच्या पोटाखाली अंड्याला ऊब देणारी उघडी जागा एकाच अंड्यापुरती असते. त्यामुळे दुसरं बहुतेक वेळा बाहेर घरंगळतं किंवा थंड पडतं. कुणाचं राहील हा नशिबाचा भाग. उरलेल्याचं पिल्लू झालं की दोघीही त्याला भरवतात, ते कुणाच्या का अंड्यातलं असेना.

"बरं," काकू म्हणाल्या, "आणि आपल्या आंब्यावर यंदा कोकिळेची किती अंडी असतील?" गच्चीवरून बघायला गेलो, तर कावळ्याने डोक्यावर टोचच मारली.