दोरी ओढण्याचा अधिकार

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला, तेव्हा तेथील कामगारांचे नाव पुरते खराब झालेले होते. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या वर गेली होती, कामाच्या वेळेत मद्यपान चाले आणि व्यवस्थापनाविरुद्धच्या तक्रारींचा ढीग साचलेला असे. दोन वर्षांनी टोयोटाशी भागीदारी करून तोच कारखाना ‘नुमी’ या नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी जुनेच घेतले गेले आणि संघटनाही तीच राहिली. तरीही १९८६ च्या अखेरीस उत्पादकता जुन्या कारखान्याच्या जवळपास दुप्पट झाली आणि गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली. ‘चांगली माणसेच मिळत नाहीत’ ही सबब आपल्याकडेही सर्रास ऐकू येते, म्हणून हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

बदलली ती कामाची रीत, आणि तिचे सर्वांत ठळक रूप म्हणजे असेंब्ली लाइनच्या बाजूने टांगलेली एक दोरी. जुन्या व्यवस्थेत लाइन थांबवणे हा जवळजवळ गुन्हाच होता. दोष दिसला तरी गाडी पुढे ढकलायची आणि दुरुस्ती शेवटी बघायची. नव्या व्यवस्थेत अडचण दिसताच कोणत्याही कामगाराने दोरी ओढावी, टीम लीडरने धावत यावे आणि गाडी त्या टप्प्यातून बाहेर पडेपर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबावी, असे ठरले. यामागचा हिशेब सरळ आहे. चुकीचा बसलेला बोल्ट तिथल्या तिथे काढायला थोडा वेळ लागतो. पण त्यावर पॅनेल चढले की तो शोधण्यासाठी अर्धी गाडी उघडावी लागते.

दोरी ओढली की ओरडा बसेल, अशी भीती असती तर मात्र कोणीही तिला हात लावला नसता. शिवाय कामातील सुधारणा सुचवून आपण आपलीच नोकरी घालवू, ही शंकाही दूर होणे आवश्यक होते. त्यासाठी, कंपनीच टिकेल की नाही असा प्रसंग आल्याखेरीज नोकरकपात करणार नाही, असे लेखी वचन दिले गेले. १९८८ च्या सुमारास मागणी घसरली, तेव्हा कंपनीने रिकाम्या झालेल्या कामगारांना घरी न बसवता प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला लावले. माझ्या मते, खरा विश्वास बसला तो याच काळात.

याच्या मुळाशी असलेली मानसिकता हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी पुढे रुग्णालयांत अभ्यासली. चांगल्या गटांकडून औषधांच्या चुका कमी होतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे मात्र उलट निघाले. खोलात गेल्यावर उमगले की त्या गटांत चुका अधिक घडत होत्या असे नव्हे, तर त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. जिथे परिचारिकांना शिक्षेची धास्ती होती, तिथे चुका दडपल्या जात, आणि दडपलेल्या चुकीतून कोणीच काही शिकत नाही. १९९९ मध्ये एका उत्पादक कंपनीतील ५१ गटांच्या अभ्यासातही, जिथे बोलण्याची भीती कमी होती तिथे शिकणे अधिक आणि कामगिरी सरस, असेच आढळले.

नुमीचा धडा कॅलिफोर्नियातीलच व्हॅन नाइस येथील कारखान्यात गिरवण्याचा प्रयत्न जनरल मोटर्सने केला. गट नेमले गेले, पण किती गाड्या बाहेर पडल्या यावरचा व्यवस्थापकांचा भर सुटला नाही आणि कामगारांच्या मनातील संशयही गेला नाही. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला.