लेसच्या दोऱ्याचा नंबर आणि त्यामागचा इतिहास

बॉबिन लेस म्हणजे बॉबिन नावाच्या छोट्या रिळांवरच्या दोऱ्यांनी हाताने विणलेली जाळीदार पट्टी. तिच्या जुन्या नमुन्यावर '४० नंबरचा लिनन दोरा' असे लिहिलेले असते आणि विणणारी व्यक्ती ४० नंबरचाच सुती दोरा आणते. लेस मात्र विरळ आणि लुळी उतरते. असे का होते हे समजण्यासाठी या कलेच्या आणि सूत मोजण्याच्या इतिहासात शिरावे लागते.

ही लेस सोळाव्या शतकात इटली आणि फ्लँडर्समध्ये (मुख्यतः आजच्या बेल्जियमचा भाग) बहरली. तिच्या नमुन्यांचे पुस्तक व्हेनिसमध्ये १५५७ साली छापले गेले. उशीवर टाचण्या टोचून, बॉबिनवर गुंडाळलेल्या दोऱ्यांना एकमेकांभोवती पीळ देत ती विणतात, त्यामुळे दोन टाचण्यांमधले अंतर आणि दोऱ्याची जाडी यांचा मेळ बसणे अत्यावश्यक असते. त्या काळी दोरा जवसाच्या झाडाच्या तंतूंचा, म्हणजे लिननचा, हाताने कातलेला असे. कोरड्या हवेत तो तुटतो, म्हणून फ्लँडर्समध्ये बारीक सूत दमट तळघरांत कातले जाई.

कापूस या कलेत खऱ्या अर्थाने आला तो एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडच्या सॅम्युएल क्रॉम्प्टनच्या १७७९ च्या 'म्यूल' या सूतकताई यंत्रामुळे सुती दोरा अतिशय बारीक कातता येऊ लागला होता, आणि त्यासाठी लागे लांब धाग्याचा कापूस. खान्देशचा देशी कापूस आखूड धाग्याचा, जाड्या सुताचा. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत मँचेस्टरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासली तेव्हा या देशी कापसाला मोठी मागणी आली, हिंगणघाटचे बियाणे इथे रुजवण्याचे प्रयत्न झाले, पुढे जळगाव आणि अमळनेरला गिरण्याही उभ्या राहिल्या. तरी लेसच्या बारीक दोऱ्याजोगा धागा त्या वाणांतून निघणारा नव्हता. आपल्या भागाच्या कापसाचा हा कमीपणा नव्हे, त्याचा उपयोग वेगळा होता.

गिरण्यांबरोबर सुताचा 'काउंट' खान्देशात रुळला, आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. सुती सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. लिननसाठी मात्र लडी ३०० यार्डांची धरतात. म्हणून ४० नंबरच्या एकेरी सुती सुताचे एक किलोमीटर सुमारे १५ ग्रॅम भरते, तर त्याच नंबरचे लिनन ४१ ग्रॅम. म्हणजे त्याच नंबरचा सुती दोरा बराच बारीक असतो, म्हणून लेस विरळ उतरते. दोऱ्याला किती पदर आहेत हेही पाहावे लागते, कारण ६० नंबरचे दोन पदर मिळून वजनाने ३० नंबरच्या एका सुताइतके होतात. क्रोशाच्या दोऱ्याच्या गुंड्यावरचा आकडा तर उत्पादकाच्या स्वतःच्या मापाचा असतो. त्यावरून काउंट काढू नये.

जळगाव-धुळ्याच्या दुकानांतून लिनन सहसा मिळत नाही, म्हणून पर्यायी सुती दोरा निवडताना नंबर बाजूला ठेवून जाडीच मोजणे हाच भरवशाचा मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे. पट्टीभोवती दोरा न ताणता, शेजारी शेजारी चिकटून गुंडाळावा आणि एका सेंटिमीटरात किती वेढे बसतात ते मोजावे. नमुन्याला ३० वेढ्यांचा दोरा हवा असेल आणि हाताशी २४ वेढ्यांचा असेल, तर नमुन्याची प्रत मूळच्या १२५ टक्के, म्हणजे सव्वापट आकाराची काढून टाचण्यांमधले अंतर त्याच प्रमाणात वाढवावे.