तरवडाच्या मुळांवर गाठी असतात का?

"तरवड शेंगावर्गीय आहे, बांधावर लावा, त्याची मुळं हवेतलं नत्र जमिनीत साठवतात." हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे, कारण तूर, हरभरा, मूग यांच्या बाबतीत ते खरंच आहे. पण हवेतलं नत्र धरतात ते मुळांवरच्या गाठींतले जिवाणू, आणि तरवडाला त्या गाठी येत नाहीत. शेंगा सगळ्यांना, गाठी सगळ्यांना नाहीत.

खात्री आपल्याच शेतात करता येते. पावसाळ्यात वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असताना, तुरीचं आणि तरवडाचं एकेक कोवळं रोप मातीसकट खोदून काढा. उपटू नका, गाठी तुटून जमिनीतच राहतात. बादलीत हलक्या हाताने धुवा. तुरीची गाठ नखाने फोडली की आत गुलाबी दिसते. तरवडावर फोडायला गाठच सापडणार नाही.

पाला शेतात गाडतात ते योग्यच, फक्त त्यातलं नत्र मातीतूनच आलेलं असतं.

म्हणून तरवड तोडू मात्र नका! मराठवाड्याच्या मुरमाड माळावर तो कुणी पाणी न घालता पिवळाधमक फुलतो. फुलात मध नसतो, तरी भुंगे येतात. फूल घट्ट धरून अंग थरथरवतात, तेव्हा पुंकेसराच्या टोकाच्या छिद्रातून पराग बाहेर पडतो.