फिलाडेल्फिया वॉरियर्स : १९४६-४७ चा हंगाम

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा पहिला हंगाम. ‘बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका’ अर्थात बीएए या नव्या संघटनेच्या पहिल्याच स्पर्धेत या संघाने साखळीतील ६० पैकी ३५ सामने जिंकून पूर्व विभागात दुसरे स्थान मिळविले आणि २२ एप्रिल १९४७ रोजी शिकागो स्टॅग्ज संघाविरुद्धची अंतिम मालिका ४-१ अशी जिंकून विजेतेपद संपादन केले. हाच संघ पुढे १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थलांतरित झाला व १९७१ पासून ‘गोल्डन स्टेट वॉरियर्स’ या नावाने ओळखला जातो.

या हंगामाला व्यावसायिक बास्केटबॉलचा ‘पहिला’ हंगाम म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो मर्यादित अर्थानेच ग्राह्य धरावा लागतो. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केल्यानंतर पाचसहा वर्षांतच खेळाडूंना मोबदला मिळू लागला होता. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे १८९६ च्या सुमारास झालेला सामना हा मोबदल्याचा पहिला सामना होय, असे बहुतेक संदर्भग्रंथ मानतात. मात्र त्याआधीही इतरत्र प्रेक्षकांच्या तिकिटांतून जमलेली रक्कम खेळाडूंत वाटली गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. १८९८ मध्ये स्थापन झालेली ‘नॅशनल बास्केटबॉल लीग’, १९२५ ची ‘अमेरिकन बास्केटबॉल लीग’ आणि १९३७ मध्ये जुन्याच नावाने उभी राहिलेली दुसरी ‘नॅशनल बास्केटबॉल लीग’ ही त्यानंतरची टप्प्याटप्प्याची वाटचाल होती. ही दुसरी लीग आणि बीएए यांचे ऑगस्ट १९४९ मध्ये एकत्रीकरण होऊन आजची ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’ म्हणजे एनबीए अस्तित्वात आली. एनबीए आपला इतिहास बीएएच्या १९४६-४७ च्या हंगामापासून मोजते आणि या दुसऱ्या, म्हणजे बीएएपेक्षा जुन्या लीगमधील विजेतेपदे व आकडेवारी आपल्या नोंदींत धरत नाही. जॉर्ज मायकन हा त्या काळचा बहुधा सर्वांत प्रभावी खेळाडू याच वर्षी जुन्या लीगमध्ये शिकागो अमेरिकन गिअर्सकडून खेळत होता व त्या संघाने तेथील विजेतेपद मिळविले. हे पाहता वॉरियर्सना १९४७ चे अमेरिकेतील निर्विवाद सर्वश्रेष्ठ संघ म्हणण्यापेक्षा बीएएचे पहिले विजेते म्हणणे अधिक काटेकोर ठरते. बीएएच्या या पहिल्या हंगामात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, तर जुन्या लीगमध्ये असे काही खेळाडू होते, हीदेखील तुलना करताना ध्यानात घेण्याजोगी बाब आहे.

बीएएची स्थापना ६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाली. तिचे बहुतेक संस्थापक मोठ्या बंदिस्त क्रीडागृहांचे मालक किंवा व्यवस्थापक होते. आइस हॉकीचे सामने नसतील त्या रात्री ही क्रीडागृहे रिकामी राहू नयेत, हा त्यांचा मुख्य हेतू होता. अध्यक्षपदी निवडलेले मॉरिस पोडोलॉफ हेही हॉकी संघटनेचेच अध्यक्ष होते. पहिल्या वर्षी ११ संघ दोन विभागांत खेळले. पहिला सामना १ नोव्हेंबर १९४६ रोजी टोरोंटो येथे झाला व न्यूयॉर्कने तो ६८-६६ असा जिंकला. वॉरियर्सचे सामने मार्केट स्ट्रीटवरील ‘फिलाडेल्फिया अरीना’ येथे होत असत. ‘वॉरियर्स’ हे नाव १९२० च्या दशकातील त्याच शहराच्या एका संघावरून घेतले असावे.

संघाचे प्रशिक्षक एडी गॉटलिब यांना फिलाडेल्फियातील बास्केटबॉलची नस ठाऊक होती. दक्षिण फिलाडेल्फियातील ज्यू तरुणांच्या ‘स्फाज’ या गाजलेल्या संघाचे ते संस्थापक व संचालक होते. त्यांनी जमविलेल्या चमूत अँजेलो म्युसी, जॉर्ज सेनेस्की, पीटी रोझेनबर्ग, मॅट गुओकास, जेरी रुलो अशी स्थानिक महाविद्यालयांतून आलेली मंडळी बरीच होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा हाउवी डालमार बाहेरून आला होता आणि राल्फ कॅप्लोविट्झ हंगामाच्या मध्यावर न्यूयॉर्क संघाकडून दाखल झाला.

संघाची खरी मदार मात्र केंटकी राज्यातील जो फल्क्स या पंचविशीतील खेळाडूवर होती. त्याचे जन्मगाव बर्मिंगहॅम पुढे केंटकी धरणाच्या जलाशयाखाली गेले. मरीन दलात असताना त्याचा खेळ रोझेनबर्गने पाहिला व गॉटलिब यांना कळविला, असे सांगितले जाते. या हंगामात फल्क्सने १,३८९ गुण, म्हणजे सामन्यामागे सरासरी २३.२ गुण मिळविले. दुसऱ्या क्रमांकावरील वॉशिंग्टनच्या बॉब फीरिकची सरासरी १६.८ होती. संपूर्ण संघाची गुणसंख्या सत्तरीच्या आसपास घुटमळत असे, त्या काळात ही तफावत विलक्षण होती. फल्क्सच्या १,५५७ फेकींपैकी ४७५ म्हणजे सुमारे ३०.५ टक्केच यशस्वी झाल्या. आजच्या मापाने हे प्रमाण कमी वाटले, तरी त्या वर्षीच्या बीएएच्या एकूण सरासरीपेक्षा ते अधिक होते.

फल्क्सच्या फेकीचे तंत्र हा अभ्यासकांमधील मतभेदाचा विषय आहे. तोवरची प्रचलित फेक दोन्ही पाय जमिनीवर रोवून, दोन्ही हातांनी छातीजवळून करावयाची असे; प्रतिस्पर्धी समोर आला की ती अडत असे. फल्क्स बास्केटकडे पाठ करून चेंडू घेई, गिरकी घेऊन उडी मारी आणि उजव्या किंवा डाव्या हाताने डोक्यावरून चेंडू सोडी. त्यामुळे ‘जंप शॉट’चा, म्हणजे उडीच्या फेकीचा जनक म्हणून त्याचे नाव अनेकदा घेतले जाते. तथापि स्टॅनफर्डच्या हँक लुइसेटीने १९३० च्या दशकात एकहाती फेक लोकप्रिय केली होती आणि वायोमिंगचा केनी सेलर्स १९४० च्या दशकारंभी स्थिर उडीच्या माथ्यावरून चेंडू सोडत होता. सेलर्स याच हंगामात क्लीव्हलँड रेबेल्सकडून खेळला. लुइसेटीच्या फेकीला उडीची फेक म्हणावे काय, हा प्रश्न व्याख्येवर अवलंबून आहे. आजच्या जंप शॉटशी सर्वाधिक साम्य सेलर्सच्या फेकीचे दिसते, असे मत अलीकडे बळावले आहे व ते ग्राह्य वाटते. फल्क्सचे श्रेय त्यामुळे घटत नाही. उडीची फेक हे व्यावसायिक सामन्यातील गुण मिळविण्याचे मुख्य साधन होऊ शकते, हे रात्रीमागून रात्री सिद्ध करणारा पहिला खेळाडू तोच होय. १० फेब्रुवारी १९४९ रोजी त्याने एका सामन्यात काढलेल्या ६३ गुणांचा उच्चांक दहा वर्षे टिकला.

१९४६-४७ मधील फल्क्सच्या गुणसंख्येला नियमांचाही हातभार लागला असावा. सामना महाविद्यालयीन ४० मिनिटांऐवजी ४८ मिनिटांचा करण्यात आला होता आणि जानेवारी १९४७ मध्ये झोन पद्धतीच्या बचावाला, म्हणजे ठरावीक प्रतिस्पर्ध्याऐवजी मैदानाचा ठरावीक भाग राखण्याच्या पद्धतीला, बंदी घालण्यात आली. चेंडू ताब्यात आल्यावर २४ सेकंदांत फेक करणे बंधनकारक करणारे घड्याळ मात्र १९५४ पर्यंत आले नाही.

साखळीत रेड आउरबाख यांच्या मार्गदर्शनाखाली खेळणारा वॉशिंग्टन कॅपिटॉल्स संघ ४९ विजय व ११ पराभव अशा कामगिरीने पूर्व विभागात अव्वल ठरला; वॉरियर्स त्यापेक्षा १४ विजयांनी मागे होते. बाद फेरीची रचना मात्र चमत्कारिक होती. दोन्ही विभागांचे विजेते उपांत्य मालिकेतच एकमेकांसमोर आणण्यात आले, त्यामुळे त्यांपैकी एक अंतिम मालिकेपूर्वीच बाद होणे अटळ होते. वॉशिंग्टनला शिकागोने ४-२ असे हरविले. दुसऱ्या बाजूने वॉरियर्सनी सेंट लुइस बॉम्बर्सला २-१ व न्यूयॉर्क निकरबॉकर्सना २-० असे नमविले. या रचनेचा लाभ वॉरियर्सना मिळाला हे खरे. तथापि वॉशिंग्टनचा पराभव त्यांनी घडविला नव्हता आणि पुढचे काम त्यांनी चोख केले.

अंतिम मालिका १६ एप्रिलला सुरू झाली. पहिला सामना वॉरियर्सनी ८४-७१ असा जिंकला, त्यात फल्क्सचे ३७ गुण होते. शिकागोच्या १२९ फेकींपैकी अवघ्या २६ यशस्वी झाल्याची नोंद आहे. पुढील दोन सामने ८५-७४ व ७५-७२ असे वॉरियर्सचेच झाले. चौथा सामना शिकागोने एका गुणाने, ७४-७३ असा राखला. फिलाडेल्फियातील पाचव्या सामन्यात अखेरच्या मिनिटापर्यंत बरोबरी होती. डालमारच्या बास्केटने ती सुटली व वॉरियर्स ८३-८० असे विजयी झाले. फल्क्सने या सामन्यात ३४ गुण नोंदविले.

हंगामानंतर क्लीव्हलँड, डेट्रॉइट, पिट्सबर्ग व टोरोंटो हे चार संघ बंद पडले. मूळ ११ संघांपैकी बॉस्टन, न्यूयॉर्क आणि वॉरियर्स हे तीनच आज टिकून आहेत. वॉरियर्स १९४८ मध्ये पुन्हा अंतिम मालिकेत पोहोचले, परंतु बाल्टिमोर बुलेट्सकडून पराभूत झाले. गॉटलिब यांनी १९५२ मध्ये संघ विकत घेतला व १९७२ मध्ये त्यांचा बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. फल्क्सला तो मान मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९७८ मध्ये मिळाला.