पार्श्वभूमी : हॉल चर्चचा, निर्णय कोणाचा?

अमेरिकेतली कृष्णवर्णीयांची चर्चेस आणि त्यांच्या वस्तीतले तरुण यांच्या 'भागीदारी'बद्दल हल्ली जे प्रकल्प-अहवाल आणि अनुदानाचे अर्ज निघतात, त्यांत एक शब्दप्रयोग हमखास सापडतो : तरुणांना सामील करून घेणे. मराठीत 'सामील होणे' आणि 'सामील करून घेणे' यांत जो फरक आहे, त्यावरूनच तिथली भांडणं गेली साठ-सत्तर वर्षं चालू आहेत. दुसऱ्या प्रयोगात घर कोणाचं आणि पाहुणा कोण हे आधीच ठरलेलं असतं.

गोष्ट फार मागे नेता येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या चर्चमध्ये ओढून उठवलं गेलं, ते बाहेर पडले आणि १८१६ साली त्यांचा स्वतंत्र पंथ उभा राहिला. तेव्हापासून चर्च म्हणजेच शाळा, सभागृह, पतपेढी आणि पंचायत, हे वाचकांना ठाऊक आहे. तरुण मात्र त्यात गायकवृंदापुरते आणि रविवारच्या शाळेपुरतेच होते. माँटगोमेरीत २ मार्च १९५५ला गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणारी मुलगी पंधरा वर्षांची होती. तिचं प्रकरण मोठ्यांनी उचललं नाही. नऊ महिन्यांनी एका प्रौढ बाईंना त्याच कारणावरून अटक झाली आणि बससेवेवर ३८१ दिवसांचा बहिष्कार उभा राहिला. या बाई त्या मुलीच्या युवक मंडळाच्या मार्गदर्शक होत्या, हे सहसा सांगायचं राहून जातं.

बहिष्काराची ती बातमी एका तरुण अमेरिकन मेथडिस्टाने वाचली ती नागपुरात. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती नाकारल्याबद्दल तेरा महिने तुरुंगात काढून १९५३मध्ये तो मिशनचं काम करायला हिस्लॉप कॉलेजात आला होता. मुलांना खेळ शिकवायचा आणि सत्याग्रहाचा अभ्यास करायचा. १९५६मध्ये तो परतला, पुढच्या वर्षी बहिष्काराचं नेतृत्व केलेल्या माँटगोमेरीच्या पाद्र्याला, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंगना भेटला, आणि 'शिक्षण नंतर, आधी दक्षिणेत ये' या अर्थाचा आग्रह मानून नॅशव्हिलला जाऊन राहिला. तिथे जे घडलं त्याला 'भागीदारी' हा शब्द मी बिनदिक्कत वापरीन.

१९५९च्या शरद ऋतूत नॅशव्हिलच्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी कॉलेजची मुलं जमत. खुर्च्या ओळीने मांडायच्या, तोच दुकानातला जेवणाचा काउंटर, जिथे कृष्णवर्णीयांना बसू देत नसत. काहींनी गिऱ्हाईक व्हायचं, काहींनी गोरे गुंड. गुंडांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. गिऱ्हाइकांनी हात उचलायचा नाही, पण डोकं आणि पोट कसं सांभाळायचं ते शिकायचं. पुढे यातूनच सायक्लोस्टाइल केलेले नियम निघाले : ताठ बसा, तोंड काउंटरकडे, उलट शिवी नाही, मोठ्याने हसणं नाही.

फेब्रुवारी १९६०मध्ये प्रत्यक्ष बसायची वेळ आली, तेव्हा वडीलधाऱ्या पाद्र्यांचं मत पडलं की थोडं थांबावं, कारण जामिनासाठी खात्यात अवघे ८७ डॉलर ५० सेंट आहेत. मुलांनी ऐकून घेतलं आणि ठरवलं की थांबायचं नाही. १३ फेब्रुवारीला सव्वाशेच्या आसपास मुलं बर्फातून चालत दुकानांत जाऊन बसली. त्याच पाद्र्यांनी मग जामिनाची, वकिलांची, सभेच्या जागेची सोय केली. १० मे रोजी काउंटर कृष्णवर्णीयांना खुले झाले. मुलांना हे शिकवणाऱ्या, नागपूरहून परतलेल्या त्या माणसाला मात्र, तो स्वतः जिथे शिकत होता त्या विद्यापीठाने मार्चमध्येच काढून टाकलं होतं.

आता रॉलीच्या बैठकीकडे. तिच्याबद्दल लिहिणारे एक-दोन ओळींत पुढे सरकतात, मला ते पटत नाही. १९६०च्या ईस्टरच्या शनिवार-रविवारला जोडून नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉली शहरात विद्यार्थी प्रतिनिधींची परिषद भरली. खर्चाला ८०० डॉलर दिले होते किंग यांच्या नेतृत्वाखालच्या पाद्र्यांच्या संघटनेने, तिच्या कार्यवाह बाईंच्या आग्रहावरून. या बाई छप्पन्न वर्षांच्या, स्वतः पाद्री नाहीत, आणि परिषद होती त्यांच्याच जुन्या कॉलेजात. वरिष्ठ पाद्र्यांची अपेक्षा साधी होती : पैसा आमचा, नाव आमचं, तेव्हा या मुलांनी आमची युवा शाखा व्हावं. कोणत्या राज्याच्या प्रतिनिधींना कोणी वळवायचं याचीही आखणी झाली. बाईंनी विरोध केला आणि त्या बैठकीतून उठून गेल्या. मुलांनी काय करायचं ते मुलांनाच ठरवू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

मुलांनी वेगळी चूल मांडली. त्यांच्या संघटनेच्या, 'स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी'च्या, नावातला एक शब्द 'समन्वय' होता. हुकूम सोडणारं केंद्र नको म्हणून तो घेतला होता. वेगळी चूल म्हणावं, तर पहिली कचेरी अटलांटात त्याच पाद्र्यांच्या जागेतला एक कोपरा होता. उद्देशाचा मसुदा नागपूरच्याच त्या माणसाने लिहिला, आणि त्यात ज्यू-ख्रिस्ती परंपरेचा उल्लेख ठळक होता. म्हणजे फारकत श्रद्धेशी नव्हती, घरमालकीशी होती. 'मुलांनी चर्च सोडलं' असं जे सरसकट लिहिलं जातं ते मला चुकीचं वाटतं. चर्च कोणाच्या सहीने चालतं, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

दुसरी बाजूही आहे, आणि ती बर्मिंगहॅमला दिसते. मे १९६३मध्ये शाळकरी मुलांना वर्णभेदाविरुद्धच्या मोर्चात उतरवण्याचा निर्णय मोठ्यांनी घेतला. पहिल्या दिवशी शेकड्यांनी अटका, दुसऱ्या दिवशी कुत्री आणि पाण्याचे फवारे. शहर नमलं. १५ सप्टेंबरला, मुलं ज्या चर्चमधून निघाली होती तिथेच बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या, तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. तो रविवार त्या चर्चमध्ये 'युवा दिन' होता. तेव्हा पाद्री तरुणांबाबत हात आखडता घेतात त्याला नेहमी सत्तेचाच वास येतो असं नाही. १९६४च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत कृष्णवर्णीय मुलांसाठी चाळीसेक 'स्वातंत्र्य शाळा' भरल्या, त्यांतल्या बऱ्याच चर्चमध्येच. त्याच उन्हाळ्यात तिथली तीसहून अधिक चर्चेस जाळली किंवा उडवली गेली. हॉलची किल्ली देणाऱ्याने काय पणाला लावलं होतं ते यावरून कळतं.

त्यानंतर सरकारी पैसा आला आणि भाषा बदलली. १९६७मध्ये शिकागोच्या वुडलॉन वस्तीत केंद्र सरकारने सुमारे ९ लाख २७ हजार डॉलर मंजूर केले. रस्त्यावरच्या टोळ्यांतल्या तरुणांना रोजगाराचं शिक्षण द्यायचं, आणि शिकवणारे टोळीचेच म्होरके. वस्तीची संघटना चर्चवाल्यांच्या मदतीने उभी राहिलेली, आणि टोळीचा राबता एका प्रेसबिटेरियन चर्चमध्ये. १९६८मध्ये सेनेटने चौकशी लावली आणि प्रकल्प बारगळला. तो बिनडाग होता असं नाही, पण त्यानंतर तरुणांच्या हाती थेट पैसा द्यायला पुढची कित्येक वर्षं कोणी धजावलं नाही. जानेवारी १९६९मध्ये ओकलंडच्या एका एपिस्कोपल चर्चमध्ये मुलांना फुकट नाश्ता सुरू झाला. चालवणारे 'ब्लॅक पँथर' पक्षाचे तरुण बंदुका बाळगणारे म्हणून बदनाम होते, पण जागा चर्चची. मे महिन्यात न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत चर्चची उपासना थांबवून, रॉलीतून निघालेल्या त्या विद्यार्थी संघटनेच्या एका जुन्या पदाधिकाऱ्याने गोऱ्यांच्या चर्चेसकडे आणि सिनेगॉगकडे ५० कोटी डॉलरची भरपाई मागितली. रॉलीतली ८०० डॉलरची गोष्ट ज्याला आठवते त्याला ही रक्कम वाचून गंमत वाटेल.

मे १९९२मध्ये बॉस्टनला एका अंत्यविधीच्या वेळी टोळीतले तरुण चर्चमध्ये घुसले आणि भर प्रार्थनेत एकाला भोसकलं. पाद्री एकत्र आले, रात्री रस्त्यावर फिरू लागले, पोलिसांबरोबर बसू लागले. १९९०मध्ये शहरात १५२ खून झाले होते, १९९९मध्ये ३१. श्रेय पाद्र्यांचं की पोलिसांच्या नव्या पद्धतीचं, यावर अजून वाद आहे. मला त्याहून खटकतो तो शब्द : या काळापासून कागदोपत्री तरुण 'धोक्यातला' झाला. नॅशव्हिलची मुलं ठराव करत होती, बॉस्टनची मुलं वाचवली जात होती. १९९६च्या कल्याणकारी कायद्याने आणि २००१मध्ये व्हाइट हाउसमध्ये उघडलेल्या कार्यालयाने धार्मिक संस्थांना सरकारी निधीची वाट रुंद केली, आणि हाच शब्द अर्जांच्या नमुन्यांत रुळला.

ऑगस्ट २०१४मध्ये सेंट लुईसजवळच्या फर्ग्युसनला पोलिसाच्या गोळीने अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा गेला. चर्चेस आंदोलकांना आसरा म्हणून उघडली. पण ऑक्टोबरमध्ये सेंट लुईसच्या एका बंदिस्त स्टेडियममध्ये धर्मगुरूंची भाषणं रंगली असताना प्रेक्षागारातल्या तरुणांनी आरडाओरडा करून माइक मागितला. रात्री अश्रुधूर आम्ही खातो आणि व्यासपीठावर तुम्ही, असा सगळा सूर होता. शेवटी कार्यक्रम बाजूला ठेवून माइक द्यावा लागला. २०२१च्या एका मोठ्या सर्वेक्षणात कृष्णवर्णीय तरुणांतल्या साधारण तिघांत एकाने आपण कुठल्याच धर्माचे नाही असं सांगितलं. त्यांच्या आजोबांच्या पिढीत हे प्रमाण फारच थोडं.

सध्याच्या भागीदाऱ्यांमागे बराच पैसा खासगी न्यासांचा आहे. २०१६पासून इंडियानातल्या एका मोठ्या न्यासाने सेमिनऱ्या आणि कॉलेजांमार्फत चर्चेसना तरुणांबरोबर काम करण्यासाठी अनुदान दिलं, त्यात काही कृष्णवर्णीय चर्चेसही आली. वयाची अट होती २३ ते २९. रॉलीला जमलेल्यांतले बहुतेक जण त्या अटीत बसले नसते. नॅशव्हिलच्या महापौराला १९६०मध्ये नगरभवनाच्या पायऱ्यांवर वर्णभेदाबद्दल थेट प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी एकवीस वर्षांची होती. माँटगोमेरीचा पाद्री बसला असता, बहिष्कार सुरू झाला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. फक्त अर्जावर 'लाभार्थी'च्या रकान्यात त्याचं नाव लिहायचं की 'संस्थाप्रमुखा'च्या, एवढा घोळ झाला असता.